परसातील कोंबडीचा वध: पक्ष्याला कमीत कमी यातना कशा होतील?

परसदारी (धागाकर्ता)

परसात कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकासमोर केव्हा ना केव्हा जास्तीच्या कोंबड्यांचा आणि अंडी देणे थांबलेल्या कोंबड्यांचा प्रश्न येतोच. त्यांचे मांस घरी वापरायचे ठरले की चहूबाजूंनी सल्ले सुरू होतात. कोणी मान मुरगळायला सांगतो, कोणी कुऱ्हाडीने एका घावात शिर उडवावे म्हणतो, कोणी धारदार सुरीशिवाय दुसरे काही मानत नाही, आणि आपलीच पद्धत सर्वांत दयाळू आहे याविषयी प्रत्येकाची खात्री असते. मला जाणून घ्यायचे आहे ते असे: कोणत्या पद्धतीत पक्षी सर्वांत लवकर बेशुद्ध होतो, तसे का होते, आणि त्याला आता काही जाणवत नाही हे आपण ओळखायचे कसे? मांस खावे की खाऊ नये हा वाद महत्त्वाचा असला तरी तो या धाग्याचा विषय नाही. त्यासाठी कृपया वेगळा धागा काढावा.

नाडीपरीक्षा

प्रश्न नेमका विचारला आहे, म्हणून पशुवैद्यकाच्या बाजूने थोडे सविस्तर लिहितो.

बेशुद्ध होणे आणि मरणे या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्यामध्ये काही वेळ जातो. पक्षी एकदा पूर्ण बेशुद्ध झाला की पुढचे रक्तस्रवण त्याला जाणवत नाही, त्यामुळे पद्धतीची पारख करताना पक्षी हातात घेतल्यापासून तो बेशुद्ध होईपर्यंतचा काळ किती आणि त्या काळात त्याची घबराट किती, एवढेच बघावे. म्हणूनच आधी बधिर, म्हणजे बेशुद्ध, करणे आणि मग लगेच रक्तवाहिन्या कापणे हा क्रम सर्वांत चांगला मानला जातो. थेट गळा कापल्यास मेंदूचा रक्तपुरवठा तुटून शुद्ध हरपेपर्यंत काही वेळ जातोच, आणि तो वेळ किती हे जवळजवळ पूर्णपणे सुरी कुठे फिरली यावर ठरते.

त्यासाठी कोंबडीच्या मानेची रचना माहीत हवी. जुगुलर शिरा कातडीच्या लगेच खाली असतात. त्या कापल्या की भळाभळा रक्त येते आणि काम झाले असे वाटते. मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या मात्र मानेच्या मधल्या भागात मणक्यांच्या पुढच्या बाजूला स्नायूंच्या आड एकमेकींना चिकटून खोल जातात आणि डोक्याच्या जवळ आल्यावरच दोन बाजूंना फाकतात. मानेच्या मध्यावर वरवर सुरी फिरवली तर या धमन्या शाबूत राहू शकतात आणि पक्षी बराच वेळ शुद्धीवर राहून रक्त गमावत राहतो. कापण्याची योग्य जागा जबड्याच्या हाडाच्या लगेच मागे, कानाच्या पाळीखाली आहे. तेथे दोन्ही बाजूंच्या धमन्या एकाच सलग आणि खोल घावात कापल्या गेल्या पाहिजेत. एकाच बाजूची शीर कापून पक्षी टांगून ठेवणे ही यातना लांबवण्याची सर्वांत सर्रास आढळणारी रीत आहे.

खुराडे

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे, पण माझ्या मते खरी हानी सुरीच्या आधीच होते. भर उजेडात अंगणभर पळवून, कोपऱ्यात कोंडून, पायाला धरून उलटी लटकवत आणलेली कोंबडी कापण्याच्या जागी पोहोचते तेव्हाच अर्धमेली झालेली असते. अंधारात कोंबड्या शांत बसतात, म्हणून आदल्या रात्री त्या बसायच्या काठीवर असतानाच अलगद उचलून हवेशीर, अंधाऱ्या खोक्यात ठेवाव्यात. उचलताना दोन्ही पंख शरीराशी दाबून दोन्ही हातांनी धरावे. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे ती उलटी टांगली की पोटातील अवयवांचा भार फुप्फुसांवर आणि वायुकोशांवर येतो आणि श्वास घेणे जड जाते. शिवाय जड वाणांचे पाय आणि मांड्यांचे सांधे या लटकवण्याने दुखावतात.

दाणा आठ ते बारा तास आधी बंद करावा, पाणी मात्र शेवटपर्यंत ठेवावे. अन्नपिशवी आणि आतडी रिकामी असली की साफ करताना मांसावर घाण सांडत नाही. काही जण चोवीस तासांहून अधिक उपाशी ठेवतात. त्यात पक्ष्याचे हाल होतात आणि आतड्याचे अस्तर कमकुवत होऊन ते उलट लवकर फाटते.

सडाफटिंग

कोंबडीला पाठीवर झोपवून चोचीपुढे जमिनीवर रेघ ओढली की ती निपचित पडते, हे मी अनेकदा पाहिले आहे. ती अशी गुंगीत असताना मान कापली तर तिला काही कळणार नाही, असे मानायला काय हरकत आहे?

नाडीपरीक्षा

हरकत आहे, आणि मोठी आहे. हा प्रकार फार जुना असून आथानासियुस किर्शर या जेझुइट विद्वानाने १६४६ मध्येच त्याचे वर्णन केले होते. ती गुंगी किंवा संमोहन नव्हे. शिकारी प्राण्याने पकडल्यावर निपचित पडून राहण्याची ती भीतीची प्रतिक्रिया आहे. पक्षी हलत नाही, पण शुद्धीवर असतो आणि त्याला वेदना जाणवते. निश्चल पक्षी शांतच असतो, ही समजूत या विषयातील अनेक चुकीच्या सल्ल्यांच्या मुळाशी आहे.

लोहारकाम

कुऱ्हाडीबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. जड आणि नीट पाजळलेली कुऱ्हाड असेल, लाकडी ठोकळ्यावर डोके अडकवायला दोन खिळे मारलेले असतील, तर एका घावात शिर वेगळे होते. रक्तवाहिन्या सापडल्या की नाही हा प्रश्नच उरत नाही. शिर धडावेगळे झाल्यावर यातना उरेल कशी? मला तरी हीच पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते.

नाडीपरीक्षा

एका घावात शिर वेगळे झाले तर मृत्यू निश्चित आहे, हे मान्य. पण शुद्ध त्याच क्षणी जाते असे म्हणता येत नाही. मेंदूच्या विद्युत क्रियेची नोंद घेणाऱ्या प्रयोगांत शिरच्छेदानंतर आणि मान निखळवल्यानंतरही डोळ्यावर पाडलेल्या प्रकाशाला मेंदूचा प्रतिसाद काही पक्ष्यांत सुमारे अर्ध्या मिनिटापर्यंत टिकलेला आढळला आहे. तो प्रतिसाद म्हणजे जाणीवच असे सिद्ध होत नाही, पण संशयाचा फायदा पक्ष्याला द्यायचा असेल तर डोक्यावर नेमका आघात करून आधी बधिर करणे आणि मग शिर उडवणे अधिक चांगले.

दुसरा धोका घाव चुकण्याचा आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या फ्रूटा गावी १९४५ मध्ये 'माइक' नावाने पुढे प्रसिद्ध झालेला कोंबडा शिर उडवल्यावरही सुमारे दीड वर्ष जगला, ही कहाणी बहुतेकांनी ऐकली असेल. त्यात चमत्कार काही नव्हता. घाव फार वर बसल्यामुळे मेंदूचा बुंधा, म्हणजे श्वास आणि हृदयाचे ठोके चालवणारा भाग, धडाकडेच राहिला होता आणि मुख्य शीरही वाचली होती. त्याला थेट अन्ननलिकेत थेंबाथेंबाने अन्न घालून जगवले आणि गावोगावी तिकीट लावून दाखवले. लोक याकडे गंमत म्हणून बघतात; मला तो फसलेल्या वधाचा सर्वांत लांबलेला नमुना वाटतो.

तुरेवाला

हाताने मान निखळवण्याची पद्धत मी पुष्कळ वर्षे वापरत आहे आणि तिच्याविषयी बरेच गैरसमज आहेत. पक्ष्याला मानेला धरून गरागरा फिरवणे किंवा मान पिळणे म्हणजे ही पद्धत नव्हे. ते अघोरी आहे आणि बेभरवशाचेही. योग्य कृती अशी: एका हाताने दोन्ही पाय धरून पक्षी आपल्या मांडीशी टेकवायचा, दुसऱ्या हाताची पहिली दोन बोटे कवटीच्या लगेच मागे मानेच्या दोन्ही बाजूंना घालून अंगठा चोचीखाली ठेवायचा, मग एकाच ठाम झटक्यात डोके खाली ओढत मागच्या बाजूला वळवायचे. कवटी आणि पहिला मणका यांच्यामधला सांधा सुटतो, मज्जारज्जू तुटतो आणि धमन्याही ताणून फाटतात. लगेच बोटांनी चाचपून पाहिले की कवटीमागे हाडाविना रिकामी जागा लागते, आत फक्त कातडी जाणवते. तशी जागा लागली नाही, किंवा ती मानेच्या मध्यावर लागली, तर काम नीट झालेले नाही असे समजून त्याच क्षणी पुन्हा ओढावे. विचार करत थांबू नये.

मान चिरडणाऱ्या पकडी बाजारात मिळतात, त्या कृपा करून घेऊ नयेत. चिरडण्याने पक्षी गुदमरून मरतो, आणि धमन्या तुटतीलच याचा भरवसा नसतो.

परसदारी

तुरेवाला, आपण सांगितलेली कृती समजली, पण जड कोंबड्यांना ती जमेल का? माझे काही कोंबडे चांगलेच वजनदार आहेत आणि माझ्या मनगटात तेवढी ताकद आहे याची मला खात्री नाही.

तुरेवाला

शंका योग्य आहे आणि उत्तर बहुधा नकारार्थी आहे. युरोपीय संघाच्या २००९ च्या १०९९ क्रमांकाच्या नियमावलीत, जी २०१३ पासून लागू झाली, हाताने मान निखळवण्याला ३ किलोपर्यंतच्या पक्ष्यांची आणि यांत्रिक साधनाने ५ किलोपर्यंतच्या पक्ष्यांची मर्यादा घातली आहे. शिवाय एका माणसाने दिवसाला ७० पेक्षा जास्त पक्षी या पद्धतीने मारू नयेत असेही म्हटले आहे. हे नियम प्रामुख्याने कत्तलखान्यांसाठी असले तरी त्यामागचे कारण घरालाही लागू पडते. पक्षी जड असला की सांधा सुटायला लागणारे बळ वाढते आणि माणूस दमला की झटका अर्धवट बसतो. अर्धवट निखळलेली मान म्हणजे जिवंत, शुद्धीवर असलेला आणि लुळा पडलेला पक्षी. आपल्यासाठी नरसाळे आणि सुरी हीच जोडी बरी.

खुराडे

नरसाळ्याविषयी मी लिहितो, कारण घरच्या वधात सर्वांत मोठा फरक याच साध्या वस्तूने पडतो. पत्र्याचे किंवा जाड प्लास्टिकचे, खालचे तोंड कापलेले नरसाळे भिंतीला किंवा खांबाला घट्ट ठोकायचे, पक्षी डोके खाली करून त्यात सोडायचा आणि मान खालच्या तोंडातून हळूच बाहेर घ्यायची. पंख अंगाशी आवळले जातात, त्यामुळे फडफड होत नाही, पंखाची हाडे मोडत नाहीत, मांसात रक्त साकळत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. माप मात्र पक्ष्याला साजेसे हवे. नरसाळे मोठे असेल तर पक्षी आत वळून वर तोंड काढतो आणि लहान असेल तर कोंबावा लागतो; दोन्हींत त्याची घबराट वाढते. श्वासाविषयी मी वर जे लिहिले ते येथेही लागू आहे, म्हणून सुरी, बादली, गरम पाणी सगळे तयार झाल्यावरच पक्षी नरसाळ्यात घालावा. पाच-सहा नरसाळी ओळीने भरून एकेक करत जाणे सोयीचे असते, पण शेवटच्या पक्ष्यासाठी ते फार वाईट.

सुरी दहा-पंधरा सेंटिमीटर पात्याची, टोकाला ताठ आणि इतकी धारदार हवी की कागद सहज चिरला जावा. पिसे आडवी आली तर ती आधी बाजूला सारावीत, कारण पिसांवरून धार घसरते. दर दोन-तीन पक्ष्यांनंतर धार पुन्हा लावायला कंटाळू नये.

सडाफटिंग

बधिर करण्यावर सर्वांचा भर आहे, पण घरी ते करायचे कसे? विजेच्या तारेचा झटका देऊन काम होईल का? किंवा बंद डब्यात कार्बन डायऑक्साइड सोडून?

नाडीपरीक्षा

घरगुती तारांचा प्रयोग कोणीही करू नये. एक तर तो करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. दुसरे म्हणजे वीज मेंदूतून पुरेशा प्रमाणात गेली नाही आणि शरीरातूनच गेली, तर पक्षी स्नायू आखडून निश्चल होतो पण शुद्धीवर राहतो. बाहेरून तो बधिर झाल्यासारखा दिसतो आणि आत त्याला तीव्र वेदना होत असतात. मी मघाशी उल्लेखिलेली चुकीची समजूत येथे पुन्हा आडवी येते. डोक्याच्या दोन बाजूंना लावण्याचे खास चिमटे असतात; वर उल्लेख आलेल्या युरोपीय नियमावलीनुसार त्यातून कोंबडीसाठी किमान २४० मिलिअँपिअर आणि टर्कीसाठी किमान ४०० मिलिअँपिअर प्रवाह मिळावा लागतो. असे प्रमाणित उपकरण असेल तर उत्तम, पण झटक्याने आलेली बेशुद्धी थोडाच वेळ टिकते, म्हणून चिमटा काढताक्षणी गळा कापला पाहिजे.

कार्बन डायऑक्साइड नाकाच्या आणि डोळ्यांच्या ओलसर पडद्यावर आम्ल तयार करून चुरचुरतो आणि जास्त प्रमाणात असल्यास पक्ष्याला धाप लावतो. प्रमाण हळूहळू आणि मोजून वाढवण्याची सोय घरी नसते. गाडीचा धूर, पाण्यात बुडवणे, जिवंत पक्षी गोठवणे हे प्रकार तर चर्चेलाही घेण्याजोगे नाहीत.

घरी जमण्यासारखी बधिर करण्याची पद्धत म्हणजे कवटीच्या मागच्या बाजूला जड, आखूड दांड्याने बसवलेला एकच जोरदार आघात. तो नेमका बसला तर शुद्ध तत्क्षणी जाते. अडचण अशी की लक्ष्य लहान आणि हलते असते, आणि दयेपोटी हात कचरला तर पक्षी फक्त जखमी होतो. हात ठाम नसेल त्याने हा मार्ग निवडू नये. अशा माणसाने नरसाळ्यात, योग्य जागी, दोन्ही धमन्या कापणारा एक स्वच्छ घाव घातलेला अधिक बरा. स्प्रिंगवर किंवा दाबलेल्या हवेवर चालणारी, डोक्यात न घुसता आघात करणारी हत्यारे मात्र हा अंदाजाचा भाग काढून टाकतात. ज्यांना दरवर्षी बरेच पक्षी कापायचे असतात त्यांनी चार घरांत मिळून असे हत्यार घ्यावे असे मी सुचवीन, अर्थात आपल्या भागातील कायद्यात ते बसते का हे पाहून.

परसदारी

आता माझ्या मूळ प्रश्नाचा शेवटचा भाग. पक्षी फडफडत असतो तेव्हा घरातील माणसे म्हणतात की त्याला अजून दुखते आहे. मग खरी खूण कोणती?

नाडीपरीक्षा

फडफड ही खूण धरूच नये. मेंदूचा ताबा सुटला की मणक्यातील मज्जारज्जू स्वतःच्या बळावर स्नायू हलवत राहतो, त्यामुळे पूर्ण बेशुद्ध किंवा मेलेला पक्षीही जोरात पंख मारतो.

पाहायचे ते असे. प्रथम श्वास: पक्ष्याच्या गुदद्वाराभोवतीचा पोटाचा भाग श्वासाबरोबर लयीत हलतो, ती लय पूर्ण थांबली पाहिजे. अधूनमधून चोच उघडून येणारा एखादा आचका लयबद्ध श्वासात मोडत नाही, पण तो दिसत असेपर्यंत पुढचे काम करू नये. दुसरे, डोळा: बुबुळाला पिसाच्या टोकाने हलकेच स्पर्श केल्यावर आतल्या कोपऱ्यातून एक पातळ, धुरकट पडदा डोळ्यावरून सरकतो, त्याला निमेषक पटल म्हणतात. तो सरकला तर मेंदूचा बुंधा अजून काम करत आहे. तिसरे, जबडा: खालची चोच बोटाने खाली केली की ती सैल लोंबली पाहिजे, प्रतिकार जाणवता कामा नये. मान सैल आणि बाहुली विस्फारलेली हीदेखील लक्षणे आहेत, पण मी एकट्या त्यांच्यावर विसंबत नाही. श्वासाची लय परत आली किंवा डोळ्याचा पडदा हलला, तर लगेच पुन्हा घाव घालावा किंवा मान निखळवावी.

ब्रिटनच्या नियमांत गळा कापल्यानंतर कोंबडीला किमान ९० सेकंद आणि टर्की किंवा हंसाला किमान १२० सेकंद रक्त वाहू द्यावे, त्याआधी पुढची कोणतीही प्रक्रिया करू नये असे बंधन आहे. घरी दोन-तीन मिनिटे थांबायला काहीच अडचण नसते. जिवंत पक्षी गरम पाण्यात जाणे यापेक्षा भयंकर काही असू शकत नाही आणि ते केवळ घाईमुळे घडते.

खुराडे

गरम पाण्याचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात: पाणी ६० ते ६५ अंश सेल्सिअस असावे आणि पक्षी साधारण पाऊण ते एक मिनिट बुडवून हलवावा, शेपटीचे मोठे पीस सहज उपटले गेले की बाहेर काढावा. उकळत्या पाण्यात कातडी शिजते आणि पिसांबरोबर सोलून निघते. साफ केल्यावर मांस लगेच बर्फाच्या पाण्यात घालून ४ अंशांपर्यंत थंड करावे आणि शिजवण्यापूर्वी एक दिवस थंडच राहू द्यावे, म्हणजे मृत्यूनंतर येणारा ताठरपणा उतरतो.

पाणथळ

बदके पाळणाऱ्यांसाठी एक पुरवणी. बदक आणि हंस यांची मान लांब आणि चिवट असते, त्यामुळे हाताने मान निखळवणे बहुतेकांना जमत नाही. आधी डोक्यावर आघात आणि मग गळा कापणे हाच त्यांच्यासाठी सरळ मार्ग आहे. बदकाला कार्बन डायऑक्साइडने मारण्याचा विचार तर अजिबात करू नये. पाण्यात डुबकी मारणारे पक्षी दीर्घकाळ श्वास रोखू शकतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा प्रकार आणखी लांबतो. पिसे तेलकट असल्याने गरम पाण्यात थोडा साबण घातला तरच पाणी आत शिरते.

लोहारकाम

नाडीपरीक्षा यांचा मुद्दा पटला. कुऱ्हाडीच्या आधी आघात हा क्रम मी स्वीकारतो. एवढेच विचारतो, की ज्याने यातले काहीच कधी केलेले नाही त्याने सराव कशावर करायचा? जिवंत पक्ष्यावर शिकणे मला पटत नाही.

नाडीपरीक्षा

मेलेल्या पक्ष्यावर. दुसऱ्या कोणी नुकत्याच कापलेल्या कोंबडीची मान हातात घेऊन जबड्यामागची जागा शोधावी, कातडी सोलून धमन्या प्रत्यक्ष पाहाव्यात आणि मान निखळल्यावर बोटांना लागणारी पोकळी कशी असते ते चाचपावे. नंतर पहिले काही पक्षी जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहूनच करावेत, आणि दुसरी पद्धत हाताशी तयार ठेवावी, म्हणजे पहिली फसली तर शोधाशोध करण्यात वेळ जात नाही.

शेवटी एक सूचना, जी या धाग्यावर यायला हवी होती. सुस्त, तुरा निळसर पडलेला, श्वासाला घरघर असलेला पक्षी 'मरण्याआधी कापून खाऊ' म्हणून कापू नये. औषध दिलेल्या पक्ष्याच्या बाबतीत बाटलीवर लिहिलेला वर्ज्य काळ, म्हणजे मांस खाऊ नये असा काळ, संपेपर्यंत थांबावे. खुराड्यात एकाएकी दोन-चार पक्षी मेले असतील तर बर्ड फ्लूची शक्यता धरून उरलेल्यांना हात लावण्यापूर्वी पशुवैद्यकीय विभागाला कळवावे, कारण वधाच्या आणि पिसे काढण्याच्या वेळीच माणसाला त्या विषाणूचा सर्वाधिक संसर्ग होऊ शकतो.